रिपोर्टमध्ये ‘आईकडून’ असं लिहिलंय

पत्र:

डॉक्टर ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, तीनचा असताना ऑटिझमचं निदान झालं. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले जेनेटिक टेस्ट करून घ्या, कारण कळेल. ३८ हजार भरले. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते, नुकतंच रबाळे गेलं होतं, उभ्याउभ्याच नऊ पानं वाचली आणि कळलं एवढंच की काहीतरी सापडलंय पण ते ‘अनसर्टन’ आहे. मग आम्हा दोघांचं रक्त मागितलं. त्यात आलं की ते माझ्याकडून आलंय, ‘मॅटर्नली इनहेरिटेड’. डॉक्टर चार मिनिटांत म्हणाले फार काही नाही, थेरपी चालू ठेवा. घरी मिस्टरांनी सासूबाईंना सांगितलं आणि तेव्हापासून एकच वाक्य, ‘तुझ्याकडूनच आलंय.’ परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनाही सांगून झालं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमवतायत, आई म्हणते कांदेपोह्यांना तू एकटीच ये, बाळाला आणू नकोस, रिपोर्टचं तर नावच काढू नकोस. मिस्टर म्हणतात आता एकही टेस्ट नको. मला दुसरं मूल हवंय पण भीती वाटते. चूक माझी आहे का? बहिणीला सांगू का? आणि एक छोटी गोष्ट, तो दिवसभर डब्याचं झाकण फिरवत बसतो, काढून घेऊ का?
– एक आई, ऐरोली

उत्तर:

अगं, तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील.

तुझी चूक नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, तुझ्या त्या नऊ पानांतच तसं आहे, फक्त शेजारी बसून कोणी वाचून दाखवलं नाही. तू पत्रासोबत फोटो पाठवलेस ते मी दोनदा वाचले, आणि नाव-गाव झाकून माझ्या ओळखीच्या एका जेनेटिक काउन्सेलर बाईंनाही दाखवले, कारण मी मुलांच्या विकासाची डॉक्टर आहे, जेनेटिक्सची नाही, आणि हा फरक आम्ही डॉक्टरांनी पेशंटला सांगायलाच हवा.

आता रिपोर्ट बघू. तुझ्या बाळाची झाली ती एक्झोम टेस्ट. माणसाच्या शरीरात साधारण २० हजार जीन्स असतात, त्यातला प्रोटीन बनवायच्या सूचना लिहिलेला भाग ही टेस्ट अक्षर अन् अक्षर वाचते, म्हणजे एखादा प्रूफरीडर बसवलाय असं समज. तो चूक पकडतो, पण त्या चुकीने अर्थ बदलतो का हे त्याला दर वेळी सांगता येत नाही. ‘दिन’चं ‘दीन’ झालं तर दिवसाचा गरीब होतो, अर्थ पारच बदलला. पण ‘आणि’ला कोणी ‘आणी’ लिहिलं तर मास्तर लाल पेन मारतील, वाचणाऱ्याचं काहीच अडत नाही. आणि कधीकधी असा शब्द समोर येतो जो त्याने आयुष्यात वाचलेलाच नाही, तो बरोबर की चूक हे तो कशावरून सांगणार? तो बाजूला प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो. तुझ्या रिपोर्टमधलं ‘अनसर्टन’ म्हणजे ते प्रश्नचिन्ह. लॅबवाले २०१५ पासून अमेरिकन जेनेटिक्सच्या संस्थांनी ठरवलेल्या पाच पायऱ्या वापरतात, एका टोकाला नक्की आजार करणारा बदल, दुसऱ्या टोकाला नक्की निरुपद्रवी, आणि बरोब्बर मधली पायरी ही, व्हीयूएस, म्हणजे अर्थ अजून न लागलेला बदल. तिच्यावरून उपचार, लग्न, गर्भपात असले कसलेच निर्णय घ्यायचे नसतात, हा नियमच आहे.

आणि आता ते वाक्य, ज्याने तुझी झोप उडवलीये. तुझ्या रिपोर्टमध्ये त्या जीनपुढे ‘ऑटोसोमल डॉमिनंट’ लिहिलंय, नीट बघ, तिसऱ्या पानावर तक्त्यात आहे. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची एक बाबांची, आणि डॉमिनंट म्हणजे दोनातली एक जरी बिघडली तरी परिणाम दिसायला हवा. बरं, मग तुझ्याकडेही नेमका तोच बदल आहे, त्याच जागी. तू वेळेवर बोलायला लागलीस, शिकलीस, आज कंपनीचे हिशोब सांभाळतेस, लोकलमध्ये उभ्याउभ्या इंग्रजीतली नऊ पानं वाचतेस. तो बदल इतका जबरदस्त असता तर तुझ्यात काहीच कसं दिसलं नाही? म्हणजे तो तुझ्याकडून आलाय यामुळे त्याच्यावरचा संशय कमी होतो. तुझ्यात नाही, बाबांच्यात नाही आणि बाळात नव्याने उगवलाय असं निघालं असतं तर उलट जेनेटिसिस्ट सावरून बसले असते. तुझ्या घरी जे वाक्य आरोप म्हणून फिरतंय ते रिपोर्टच्या भाषेत जवळजवळ निर्दोष सुटकेकडे झुकतंय, आणि हे त्या चार मिनिटांत कोणीतरी तुला सांगायला हवं होतं गं.

पूर्ण सुटका का नाही, तर काही बदल असे असतात की आईत अगदी सौम्य राहतात आणि मुलात जास्त दिसतात, १६ नंबरच्या क्रोमोसोमचा (गुणसूत्राचा) एक छोटा तुकडा गळतो त्याचं असं होतं, आणि बायकांमध्ये परिणाम कमी दिसतो असंही काही अभ्यासांत आलंय. म्हणून लॅबने मधली पायरी सोडली नाही. शिवाय हाच बदल एक्स क्रोमोसोमवर असता तर गणित वेगळं असतं, कारण मुलाकडे एक्स एकच आणि तो आईचाच. तुझा तिथला नाहीये, ‘ऑटोसोमल’चा अर्थच तो.

अजून एक गोष्ट जी आपल्याकडच्या रिपोर्टना फार छळते. एखादा बदल दुर्मिळ आहे की सर्रास सापडतो हे लॅब ठरवते ते जगभरच्या जमवलेल्या माहितीवरून, आणि त्यात युरोपीय वंशाचे लोक भरमसाट, आपण मूठभर. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीत, पंचक्रोशीत लग्नं होत आली, त्यामुळे एखादा बदल रायगडच्या दोन तालुक्यांत घराघरात असेल, ठणठणीत माणसांत असेल, आणि तरी जगाच्या यादीत तो ‘कधीच न दिसलेला’ म्हणून येईल. आता जीनोमइंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे पूर्ण जनुकीय मजकूर, वाचलेत आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली, म्हणून आजचं प्रश्नचिन्ह दोन-तीन वर्षांनी पुसलं जाऊ शकतं, आणि ज्या व्हीयूएसचा निकाल लागतो त्यातले बहुतेक निरुपद्रवी बाजूलाच जातात.

आता आमच्या बाजूचं सांगते, तुझ्या डॉक्टरांची वकिली करायची म्हणून नाही. नौपाड्यात माझ्या दवाखान्यात संध्याकाळी बारा-पंधरा मुलं असतात आणि सरकारी ओपीडीत त्याच्या कितीतरी पट. जेनेटिक्स आम्हाला एमबीबीएसला जेमतेम शिकवलं, आणि आम्ही शिकलो तेव्हा एक्झोम वगैरे कुठे होतं. त्या विषयात डीएम ही सुपरस्पेशालिटी पदवी केलेले डॉक्टर फार थोडे, काउन्सेलर त्याहून थोडे आणि तेही मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत. टेस्ट लिहून दिली नाही आणि पुढे दुसऱ्या मुलात काही निघालं तर घरचे विचारणार आधी का नाही सांगितलंत, लिहून दिली तर हातात असं प्रश्नचिन्ह येतं आणि ते समजावायला अर्धा तास लागतो, तो अर्धा तास नसतो. आणि सगळ्यात अवघड काय असतं सांगू, समोर आईबाप डोळ्यांत प्राण आणून बसलेले असताना ‘मला माहीत नाही’ म्हणणं. मग आम्ही ‘फार काही नाही’ म्हणतो. ते वाक्य डॉक्टरला सोपं जातं, घरच्यांना महागात पडतं.

मीही हे केलंय. २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती तेव्हा, कळव्याचं एक जोडपं रिपोर्ट घेऊन आलं होतं, रेशनकार्डाच्या झेरॉक्ससोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. मी मास्कच्या आडून सांगितलं, एक व्हेरियंट सापडलाय, पण काळजीचं कारण नाही. बाई मान हलवत राहिली. सहा महिन्यांनी फॉलोअपला ती एकटी आली आणि खूप वेळ घुटमळून विचारलं, मॅडम, तो व्हेरियंट अजून आहे का अंगात? मला आधी कळेचना. मग कळलं की त्या दिवसांत व्हेरियंट हा शब्द सगळ्यांनी टीव्हीवर एकाच अर्थाने ऐकलेला, डेल्टा व्हेरियंट, लागण होणारा, आणि तिच्या दिरांनी सहा महिने आपल्या मुलांना त्या पोराजवळ फिरकू दिलं नव्हतं. एकाच चाळीत, एकाच गॅलरीत. तो पोरगा दारात उभा राहून चुलत भावंडांचे खेळ बघायचा असं ती सांगत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. त्या दिवसापासून मी व्हेरियंट म्हणत नाही, ‘बदल’ म्हणते, आणि प्रत्येक घराला साध्या मराठीत अर्धं पान हाताने लिहून देते, घरी मोठ्याने वाचा म्हणून सांगते.

तुझ्यासाठीही तसं लिहिते. हे सासूबाईंना वाचून दाखव, किंवा मिस्टरांना दाखवायला सांग, तेच बरं.

‘काकू, नमस्कार. नातवावर तुमचा जीव आहे म्हणूनच तुम्हाला कारण हवंय हे मला समजतं. रिपोर्टमध्ये आईकडून आलं असं जे लिहिलंय ते बाळाच्या जीनमधल्या एका अक्षराबद्दल आहे, आजाराबद्दल नाही. त्या अक्षराने ऑटिझम होतो असं लॅबने कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या मुलाचं रक्त तपासलं तेही त्या एका जागेपुरतंच, बाकीचं त्याचं कोणी वाचलेलं नाही. प्रत्येक बाळ निम्मं आईचं निम्मं वडलांचं घेऊन येतं, आणि शिवाय साठ-सत्तर बदल अगदी नवे, जे दोघांकडेही नसतात, ते सगळ्या बाळांत असतात, तुमच्यात, माझ्यातही. ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा आहे हे खरंय, पण तो बहुतेक वेळा शेकडो बारीकबारीक गोष्टी मिळून बनलेला असतो, दोन्ही घरांतून आलेल्या. आईला दोष द्यायची चूक आधी आम्ही डॉक्टरांनीच केली होती. १९४३ मध्ये ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन झालं आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं मोठमोठे डॉक्टर म्हणत राहिले की आई थंड आहे, माया करत नाही, म्हणून मूल असं झालं. मग १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या तेव्हा दिसलं की हूबेहूब जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्यालाही असायची शक्यता बरीच जास्त, आणि ‘आईच्या वागण्यामुळे’ हा सिद्धांत मागे पडला. तोवर कित्येक आया तो डाग घेऊन जगल्या. तुमच्या घरात तो परत नको. आणि ही मुलाच्या रक्ताची खासगी माहिती आहे, ती लिफ्टमध्ये बोलायची नाही, मोठा झाल्यावर ती कोणाला सांगायची हे तो ठरवेल.’

वाचून झाल्यावर लगेच काही उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. त्यांनाही वेळ लागेल.

आता मिस्टरांचं. ‘एकही टेस्ट नको’ म्हणतायत ते पैशामुळे आहेच, पण ‘कारण कळेल’ असं कोणीतरी बोललं होतं आणि कळलं नाही, ती फसवणूक वाटते माणसाला. ते वाक्यच चुकीचं होतं. ‘कदाचित कळेल’ म्हणायला हवं होतं. क्रोमोसोमचे तुकडे गळालेत-वाढलेत का बघणारी मायक्रोअरे नावाची टेस्ट असते, तिच्यात ऑटिझमच्या शंभरातल्या दहाएक मुलांत ठोस काही सापडतं, एक्झोममध्ये थोडं जास्त, मुलाला फिट्स असतील किंवा बौद्धिक वाढही मागे असेल तर अजून जास्त, पण तरी बहुतेक घरांना स्पष्ट उत्तर मिळत नाही. आणि मुलाला ऑटिझम आहे की नाही हे कुठल्याच रक्ताच्या टेस्टमधून ठरत नाही, ते त्याच्याशी खेळून, बघून, तुमच्याशी बोलूनच ठरतं.

मग करायची तरी कशाला? मला वाटतं करण्यासारखी आहे, कारण काही मुलांत जे सापडतं त्याने डॉक्टरांचं पुढचं काम बदलतं. ट्युबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार निघाला तर मेंदू आणि किडनीकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, पीटेन जीनमध्ये बिघाड निघाला तर पुढे थायरॉइडसारख्या कॅन्सरची तपासणी वेळेवर करता येते, २२ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळालेला असेल तर हृदय आणि कॅल्शियम बघावं लागतं. पण उद्या सकाळच्या स्पीच सेशनमध्ये काय करायचं हे रिपोर्टवरून ठरत नाही, म्हणून रिपोर्टची वाट बघत थेरपी थांबवली असं कोणी करू नका रे बाबांनो, मी असे आठ महिने वाया गेलेले पाहिलेत.

तुझ्या बाळाच्या बाबतीत माझं म्हणणं असं, मोठी महागडी टेस्ट आता काहीच नको, पण एक राहिलीये का ते बघ. फ्रॅजाइल एक्स. तो प्रूफरीडर शब्द वाचतो ना, पण एकच शब्द लागोपाठ किती वेळा छापला गेलाय हे त्याला मोजता येत नाही, आणि फ्रॅजाइल एक्समध्ये नेमकं तेच होतं, तीन अक्षरांचा एक तुकडा बहुतेकांमध्ये ४५ हून कमी वेळा असतो तो २०० च्या वर जातो. एक्झोम नॉर्मल आली म्हणजे फ्रॅजाइल एक्स नाही असं होत नाही, हे पुष्कळ घरांना माहीतच नसतं आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्याही काहींना नसतं. वेगळी टेस्ट असते, एक्झोमच्या मानाने बरीच स्वस्त. ऑटिझमच्या फार थोड्या मुलांत ती पॉझिटिव्ह येते, शंभरात एक-दोन, पण आली तर ती सगळ्या माहेराशी जोडलेली असते, म्हणून तुझ्या बहिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे, त्या व्हीयूएसमध्ये नाही. आणि लॅबला विचार, एक्झोममध्ये तुकडे गळालेत-वाढलेत का तेही बघितलं का, नसेल तर मायक्रोअरेचा विचार डॉक्टरांसोबत पुढे कधीतरी करता येईल, घाई नाही. एवढं घरीच कर, त्याच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग आहेत का आंघोळीच्या वेळी बघ आणि डॉक्टरांना डोक्याचा घेर मोजून फाइलमध्ये लिहायला सांग. वर सांगितलेल्या ट्युबरस स्क्लेरोसिस आणि पीटेनचा माग यातून लागू शकतो. दोन्ही फुकट आहे आणि दोन्ही राहून जातं.

लॅबकडून मूळ डेटाची फाइल मागून घे आणि पेनड्राइव्हवर ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवरचा पीडीएफ पुरत नाही. दोन वर्षांनी तीच माहिती नव्याने तपासून द्या असं सांगता येतं, त्यासाठी बाळाला परत सुई टोचावी लागत नाही. मिस्टरांना हे सांग, त्यांना पटेल. आणि एकदा दोघं मिळून केईएमच्या जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटून या, ठाण्याला उतरून परळची स्लो पकडायची. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात केईएम सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. गर्दी असते, दिवस जातो, पण तिथे या प्रश्नचिन्हाची भाषा रोज बोलली जाते. जाताना प्रश्न मराठीत कागदावर लिहून ने आणि उत्तरं त्यांच्यासमोरच लिहून घे.

दुसरं मूल. इथे मी तुला गोड बोलून पाठवणार नाही. एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडाला असायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. २०२४ मध्ये १६०५ बाळांचा अभ्यास आला, सगळी ऑटिझम असलेल्या मुलांची धाकटी भावंडं, त्यात २०.२ टक्के निघाली, म्हणजे पाचात एक, दुसऱ्या काही अभ्यासांत दहात एकच्या आसपास. उलट बाजूने वाच, पाचातल्या चौघांना नव्हता. हा आकडा मोठा की छोटा हे मी ठरवू शकत नाही, सासूबाईही नाही, तुम्ही दोघांनीच ठरवायचंय, आणि त्या व्हीयूएसने हा आकडा वर गेला नाही की खाली आला नाही. पोटात असताना ऑटिझम सांगणारी टेस्ट जगात नाही. गर्भाभोवतीच्या पाण्याची तपासणी करून तो एक बदल शोधता येईल, पण ज्याचा अर्थच माहीत नाही तो सापडून करणार काय, तुझं नऊ महिने काळीज कुरतडलं जाईल फक्त. म्हणून कोणी सुचवलं तर नको म्हण, आधी जेनेटिसिस्टना भेट. आणि मुलग्यांत ऑटिझमचं प्रमाण जास्त म्हणून ‘मुलगी असेल तर बरं, बघून घेऊ’ असं कोणी हळूच बोललं तर तिथल्या तिथे थांबव, तो गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरं बाळ आलंच तर आपण त्याला सहाव्या महिन्यापासून बघत राहू, नावाला प्रतिसाद, नजर, बोट दाखवणं, आणि काही वाटलं तर निदानाच्या कागदाची वाट न बघता सुरुवात करू. थोरल्याच्या वेळी तुला ही संधी मिळाली नव्हती.

बहिणीला काय सांगायचं? त्या बदलाचं काहीच नाही. सांगण्यासारखी माहितीच नाही ती, तिची टेस्टही करायची नाही, धडधाकट माणसाची व्हीयूएससाठी टेस्ट करत नाहीत. फ्रॅजाइल एक्सचं जे येईल ते आलं की बघू, निगेटिव्ह आलं तर विषय संपला, पॉझिटिव्ह आलं तर आधी तिला एकटीला सांगायचं, तिचं शरीर आहे, सासर नंतर.

पण आईने जे सांगितलं ना, बाळाला आणू नकोस, ते ऐकू नकोस. रिपोर्ट ही खासगी गोष्ट आहे, मूल ही लपवायची गोष्ट नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत तुझ्या माहेरी झालीये, भीतीपोटी झालीये, मी आईवर रागावत नाही. त्याला गर्दीचा, नव्या माणसांचा त्रास होणार असेल तर अर्धा तास आण, आतल्या खोलीत त्याचं आवडतं काहीतरी ठेव, कंटाळला की बाबा खाली फिरवून आणतील. पण तो दिसू दे. जी माणसं भाच्याला बघून स्थळ मोडतील ती उद्या तुझ्या बहिणीच्या दुखण्याखुपण्यात काय उभी राहणारेत. बहिणीलाच विचार, भाचा हवा की नको. मला वाटतं ती तुझ्या आधी त्याला कडेवर घेईल.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण तू विचारलं नाहीस पण लागणार आहे. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि सर्टिफिकेटला जेनेटिक रिपोर्ट लागत नाही, आयसा नावाची ४० मुद्द्यांची तपासणी असते त्यावर मिळतं. ते हातात आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेचा फॉर्म भर, वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. ऐरोली नवी मुंबई महापालिकेत येतं, तर पालिकेचं वाशीचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र एकदा बघून ये, मिस्टरांना सोबत ने, तिथे इतर बाबा भेटतात आणि त्यांच्याशी ते जे बोलतील ते तुझ्याशी बोलणार नाहीत.

आणि झाकण. काढून घेऊ नकोस गं. त्याचं जग त्यात नीट फिरत असतं, दिवसभराच्या आवाजातून आणि माणसांतून त्याला तिथे विसावा मिळतो. तसंच दुसरं झाकण घे, स्टीलचंच घे, प्लास्टिकचं नीट फिरत नाही, आणि त्याच्या समोर नाही, बाजूला जमिनीवर बस. तुझं फिरव. काही बोलू नकोस, ‘बघ बघ’ करू नकोस. त्याचं थांबलं की तुझंही थांबव, त्याने फिरवलं की तूही. पहिले चार-पाच दिवस काहीच होणार नाही. मग एखाद्या दिवशी तो आपलं झाकण हाताने दाबून थांबवेल आणि तुझं थांबतं का ते बघेल. त्या दिवशी मला दोन ओळी पाठव.